कीर्तनकार महाराजांना खुले पत्र: दहाव्याच्या मांडवात आपण गप्प का?

महाराष्ट्रातल्या समस्त कीर्तनकार आणि प्रवचनकार महाराज मंडळींस,

रामकृष्ण हरी.

धर्मामुळे समाजाचं भलं जास्त झालं की वाटोळं, हा वाद टीव्हीवर आणि कॉलेजांच्या वक्तृत्व स्पर्धांत वर्षानुवर्षं चालू आहे. मला त्या वादात पडायचं नाही. खेड्यापुरतं बोलायचं तर या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात नाही, ते बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे असं माझं ठाम मत झालंय. म्हणून हे पत्र सरकारला किंवा पोलिसांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

मी शिरूर-पारनेर पट्ट्यात आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली. घर माळकरी. हरिपाठ शाळेत जायच्या आधीपासून पाठ. त्यामुळे हे बाहेरून कुणी बोट दाखवतंय असं समजू नका.

आधी भलं काय झालं ते सांगते, कारण ते मी उपकेंद्राच्या दारातून पाहिलंय. दारू सोडवण्यासाठी आम्ही काय काय केलं! समुपदेशन केलं, शिबिरं घेतली, गोळ्या दिल्या, बायकांचे मोर्चे काढले. त्यातलं काही वाया गेलं असं मी म्हणणार नाही. पण ज्या घरातली दारू सुटली आणि परत आलीच नाही, अशी घरं डोळ्यांसमोर आणली तर त्यांतल्या बऱ्याच घरांत कर्त्या माणसाने पंढरपुरात जाऊन तुळशीची माळ घातलेली असते. माळ घातलेला माणूस दारूला शिवला तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. त्याच्या मागे दिंडी असते, विणेकरी असतो, एकादशी असते. सरकारी गोळीला हे पाठबळ कुठून आणायचं? त्या घरातल्या बाईला विचारा धर्माने काय केलं ते. ती सांगेल की माळ घातल्यापासून उसाचं बिल घरी येतं आणि पोरं रात्री निवांत झोपतात.

पारायणाचंही तसंच. दुसरी-तिसरीत शाळा सुटलेल्या बायका सप्ताहात ज्ञानेश्वरीला बसता यावं म्हणून पन्नाशीत पुन्हा अक्षरं गिरवताना मी पाहिल्या आहेत. ओळीखालून बोट सरकवत, शेजारणीला विचारत, सात दिवसांत अठरा अध्याय पुरे करतात. त्यातल्या एकीने नंतर बचत गटाच्या कागदावर अंगठा न उठवता सही केली. आणि वारी? जन्मभर दुसऱ्यांना वाढून मग जेवणारी बाई ते दिवस आयतं जेवते, मोकळ्या गळ्याने गाते आणि परका माणूस तिला माउली म्हणून वाकून नमस्कार करतो. एवढा मान तिला दुसरीकडे कुठेही मिळालेला नसतो.

आता दुसरी बाजू. तीही तुमच्या डोळ्यांसमोरच घडते.

आपल्या भागात दशक्रियेला नदीकाठी घाटावर मांडव पडतो. सकाळी आठच्या आत खुर्च्या भरतात, लाऊडस्पीकर लागतो, तुमचं प्रवचन होतं. मग आजी-माजी पदाधिकाऱ्यांच्या श्रद्धांजल्या. तिकडे पिंडाला कावळा शिवतो की नाही याकडे सगळ्यांच्या नजरा. मयत माणूस तरुण असेल तर गर्दी जास्त आणि महाराजही मोठे बोलावलेले. या सगळ्यात त्याची बायको कुठे असते? मांडवाच्या मागे, एखाद्या झाडाखाली, डोईवरून पदर ओढून, आधीच विधवा झालेल्या म्हाताऱ्यांच्या घोळक्यात. काही घरांत मयताच्या दिवशीच तिचं सगळं उतरवलेलं असतं, काही घरांत दहाव्यापर्यंत थांबतात.

असाच एक दहावा मला विसरता येत नाही. पोरगी तिशीच्याही आतली, नवरा मोटारसायकलवरून जाताना गेलेला. नदीच्या कडेला तिला बसवलं, एकीने कुंकू पुसलं, दुसरीने जोडवी ओढून काढली, तिसरीने हात दगडावर धरून बांगड्या फोडल्या. ती हात मागे ओढत होती. तिला रडू आवरत नव्हतं म्हणून नव्हे. तिला ते नको होतं. "नका ना, राहू द्या" असं ती दोनदा म्हणाली, मी ऐकलंय. ओढाताणीत काच मनगटात घुसली. पिशवीत बँडेज होतं म्हणून मी तिथेच पट्टी बांधली. पट्टी बांधत असताना मांडवातून आत्मा अमर आहे आणि देह वस्त्रासारखा आहे यावरचं निरूपण स्पष्ट ऐकू येत होतं. बोलणारे महाराज विद्वान होते, आवाज गोड होता, पुढे बसलेल्या मंडळींचे डोळे पाणावले होते. त्या मुलीबद्दल त्या तासाभरात एक शब्द आला नाही. देह वस्त्रासारखा असेल तर त्या वस्त्रासाठी जिवंत मुलीच्या हातातली काकणं का फोडायची, हे विचारायला त्याहून चांगली जागा आणि वेळ दुसरी कुठली होती?

धर्म तारतो की मारतो, हे विचारायचं असेल तर मांडवात कुणाला विचारतो यावर सगळं आहे. पुढच्या खुर्चीतल्याला विचाराल तर तो म्हणेल, धर्म आहे म्हणून समाज टिकून आहे. झाडाखाली बसवलेल्या बाईला कुणी विचारतच नाही. पाप-पुण्याचा हिशेब करायचाच तर तिला विचारून करा. ज्याला किंमत मोजावी लागते त्याची साक्ष आधी घ्यावी, एवढीच माझी मागणी. आणि तिला विचारलं तर आज आमच्या भागात नुकसानीचं पारडं जड आहे. हे मी हरिपाठ म्हणणारी बाई असून लिहिते आहे.

तुम्ही म्हणाल, ही रूढी आहे, हा धर्म नाही. हे उत्तर मी फार वेळा ऐकलंय. पण ती बांगडी फोडणाऱ्या बाईला ठाऊक नसतं की हे धर्मात नाही. तिला कोण सांगणार? मी सांगितलं तर म्हणतात, नर्सबाईंना काय कळतंय यातलं. तुम्ही सांगितलं तर ऐकतात.

आणि सांगायला आधार बाहेरून आणायची गरज नाही. वारकरी पंथातच तो पडून आहे. कीर्तनाला आलेल्या प्रत्येकाच्या कपाळी बुक्का लागतो. लावणारा कधी विचारतो का, की बाई तुझा नवरा आहे की गेला? ज्या कपाळावरचं कुंकू पुसलं त्याच कपाळावर विठोबाचा बुक्का लागतो. वारीत डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालणाऱ्या बायकांत कितीतरी विधवा असतात आणि तिला वाट देताना लोक हात जोडतात. मग तीच बाई गावात परत आल्यावर पुतणीच्या हळदीला नको, ओवाळायला नको, सवाष्णींच्या ओटीला नको. पंढरीच्या वाटेवर पवित्र असलेली बाई वेशीच्या आत अपशकुनी कशी होते?

पाळीचंही असंच आहे. सप्ताह जवळ आला, गौरी-गणपती आले, की बायका उपकेंद्रात यायच्या: "ताई, पुढं ढकलायची गोळी द्या." मी नाही म्हटलं तर मेडिकलमधून घ्यायच्या, कुणालाही न विचारता, काही जणी वर्षातून चार-चार वेळा. कुणाला उलट्या, कुणाला नंतर आठ-दहा दिवस अंगावरून जात राहायचं. कुणाला आधीच रक्तदाबाचा किंवा लिव्हरचा त्रास असेल तर ती गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेणं धोक्याचं, हे समजावताना माझा घसा कोरडा पडायचा. एवढं कशासाठी? मांडवात जाता यावं, वीणेपाशी बसता यावं म्हणून. चोखोबांच्या सोयराबाईने कित्येक शतकांपूर्वी विचारून ठेवलंय की विटाळाशिवाय जन्मलेला देह दाखवा. तुम्ही तिचा अभंग गोड चालीत गाता. निरूपण करताना मात्र तो सरळ आत्मा-परमात्म्यावर नेता. पाळीतल्या बाईने सप्ताहाला यावं, असं एक वाक्य त्या अभंगानंतर म्हणायला काय हरकत आहे?

तुमच्या एका नकारात किती ताकद आहे याची कल्पना तुम्हाला नसावी, म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा घेतली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही असं ठरवलं. त्या माणसांकडे ना शिक्षण होतं ना अधिकार. त्यांनी शास्त्रार्थ केला नाही. फक्त एवढं ओळखलं की ही रूढी आपल्या हातून पार पडते, आपला हात थांबला तर तिलाही थांबावं लागेल. ती लगेच बंद पडली नाही, पण पोट त्या धंद्यावर असताना त्यांनी तो निर्णय घेतला. आजच्या दहाव्याला शोभा तुमच्यामुळे येते. पत्रिकेवर नाव तुमचं असतं.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने तर मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव केला: कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं, सगळं बंद. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. आमच्या भागातही काही गावांनी ठराव केले. कागद झाले, फोटो छापून आले. पण ठराव दप्तरात राहतो आणि बाई नदीवर असते. सरपंच मयताच्या घरी जाऊन "बांगड्या फोडू नका" म्हणायला धजावत नाही, कारण दुःखाच्या घरी वाद नको. ते तुम्ही म्हणू शकता. तुमचं बोलणं तिथे वाद मानलं जात नाही, उपदेश मानला जातो.

पंथाने असं करून दाखवल्याचा दाखला आहे. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, आणि त्यांच्या जातीच्या माणसाला आत पाऊल टाकायला 1947 उजाडावं लागलं. साने गुरुजींनी त्याआधी काही महिने महाराष्ट्रभर फिरून जागृती केली आणि मे 1947 मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण सुरू केलं. देवळाचे पुजारी बडवे विरोधात, सनातनी विरोधात, पुष्कळ वारकरीही विरोधात. त्या वेळी उपोषणाला जागा दिली ती तनपुरे महाराजांच्या मठाने. एका महाराजांनी आपल्या मठाचं दार उघडलं, तेव्हा देवळाचं दार उघडायची वाट झाली. त्याच पंढरपुरात गाडगेबाबांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली होती. बाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांकडूनच काढून घ्यायचे. नवस, बोकड, कर्ज काढून केलेलं तेरावं, शिवाशिव, कशालाही त्यांनी सोडलं नाही. लोक उठून गेले नाहीत. रात्र-रात्र बसले.

काही जण म्हणतील, कीर्तनाची चौकट असते, निवडलेल्या अभंगावरच बोलायचं असतं. ही चौकट तुम्ही रोज मोडता, महाराज. मुलींच्या कपड्यांवर बोलता, मोबाइलवर बोलता, पळून जाऊन लग्न करणाऱ्या पोरींवर बोलता, सासू-सुनेच्या भांडणावर अर्धा तास हशा पिकवता. समागमाची तारीख सम की विषम यावरून मुलगा-मुलगी ठरते असं सांगणारं एक कीर्तन 2020 साली राज्यभर गाजलं. गर्भलिंगाचं असलं अज्ञान पसरवायला चौकट आडवी आली नाही. जिच्या बांगड्या फोडतात तिच्यासाठी दोन मिनिटं काढायची म्हटली की मात्र ती आठवते.

तुमच्यातल्या लहान महाराजांची अडचण मला कळते. यजमान नाराज झाला तर पुढची तारीख जाते आणि पाकिटावर घर चालतं. नव्या मुलाला हे झेपणार नाही. पण ज्यांच्या तारखेसाठी कमिट्या वर्ष-वर्ष थांबतात त्यांना कशाची भीती? सुरुवात त्यांनी करावी.

जादूटोणाविरोधी कायद्याच्या वेळी काय झालं ते आठवा. डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं सांगत होते की आमचा विरोध देवाला किंवा धर्माला नाही, त्या नावावर होणाऱ्या लुबाडणुकीला आहे. तुमच्यातल्या काही संघटनांनी या कायद्याने वारी आणि कीर्तन बंद होईल म्हणून विरोध केला. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात सकाळी फिरायला गेलेल्या डॉक्टरांवर गोळ्या झाडल्या. त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. त्या कायद्यात यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना तो लागू नाही असं स्वच्छ लिहिलेलं आहे. वारी दरवर्षी निघते, सप्ताह दरवर्षी होतात. कायदा लागला तो कुणाला? साप-कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र टाकणाऱ्याला, भूत उतरवायचं म्हणून बाईला मारणाऱ्याला, चमत्कार दाखवून पैसे उकळणाऱ्याला. या माणसांच्या बाजूने तुमचं नाव का लागावं? त्यांनी तर तुकोबांनाही सोडलं नसतं.

सापाचं निघालंच आहे तर सांगते. मण्यार रात्री झोपेत चावते, बहुतेकदा दुखतसुद्धा नाही, आणि पहाटे पापण्या जड होतात. लोक म्हणतात, बाधा झाली, देवळात न्या. तिथे जे दोन तास जातात तेच त्या माणसाचे असतात. प्रतिसर्पविष सरकारी रुग्णालयात मिळतं, त्याला पैसे पडत नाहीत. श्रावणातल्या एका कीर्तनात तुम्ही एवढं बोललात तर माझ्या नोकरीभरच्या आरोग्य शिक्षणापेक्षा जास्त जीव वाचतील. केसांत जट झालेल्या बायकांचंही तेच. यल्लम्मा आली म्हणून वर्षानुवर्षं मानेवर ओझं वागवतात, उवा होतात, जखमा होतात, मान दुखते. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या महिना-महिना समजूत घालून ती कापतात. जट म्हणजे न विंचरलेले, गुंतलेले केस, कापली तर देवी कोपत नाही, हे एखाद्या महाराजांनी भर कीर्तनात म्हटलं तर त्या बायकांची भीती जाईल.

एक गोष्ट लिहायला जड जाते. जोग महाराजांनी 1917 साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, त्या परंपरेतून गरिबाघरची किती मुलं घडली. तिच्या नावाचा आधार घेऊन पुढे आळंदीत कितीतरी खासगी संस्था निघाल्या, आणि अलीकडे त्यांतल्या काहींमध्ये लहान मुलांवर अत्याचार झाल्याचे गुन्हे नोंदले गेले. अनधिकृत संस्था बंद करा, अशी मागणी खुद्द आळंदीकरांनीच केली. लेकराला वारकरी करायला पाठवणाऱ्या आई-बापाचा विश्वास तुमच्यावर असतो, कुठल्याही खात्यावर नसतो. यावर मोठ्या महाराजांकडून जेवढा संताप यायला हवा होता तेवढा माझ्या कानावर आला नाही. धर्माची बदनामी होईल म्हणून गप्प बसायचं असेल, तर त्या मुलाने कुणाच्या दारात जायचं?

हे फक्त आपल्यातच आहे असं मी म्हणत नाही. एप्रिल 1966 मध्ये हमीद दलवाईंनी तोंडी तलाकाविरुद्ध सात मुस्लिम बायकांचा मोर्चा विधानभवनावर नेला तेव्हा त्यांना त्यांच्याच समाजाने धर्मबुडवे म्हटलं. बोहरा समाजातल्या सुधारकांना बहिष्कार भोगावा लागला. धर्म कुठलाही असो, दुखणं आतल्या माणसाने दाखवलं तरच काही हलतं. मी आपल्या धर्मातली, म्हणून आपल्या माणसांना लिहिते.

आता करायचं काय ते सांगते. दशक्रियेची तारीख ठरवायला फोन येतो. त्याच फोनवर एक अट घाला: मयताच्या पत्नीच्या बांगड्या, कुंकू, जोडवी यांना तिच्या मनाविरुद्ध कुणी हात लावणार नाही, आणि ती प्रवचनाला मांडवात पुढे, मुलांशेजारी बसेल. ही अट मान्य असेल तर मी येतो. घरचे नाही म्हणाले तर शांतपणे दुसऱ्या गावची तारीख घ्या. गेल्यावर प्रवचन सुरू करायच्या आधी ती कुठे बसली आहे ते बघा. झाडाखाली असेल तर माइकवरून तिला बोलवा आणि ती येईपर्यंत थांबा. तिच्या कपाळी बुक्का लावा. सप्ताहाच्या कमिटीलाही तसंच सांगा, की पाळीच्या कारणावरून कुणा बाईला मांडवाबाहेर ठेवायचं नाही, आणि हे पत्रिकेवर छापा.

शिरूर-पारनेर भागातल्या महाराजांना माझी एक वेगळी विनंती आहे. पहिली अशी दशक्रिया ज्या गावात होईल तिथे त्या पोरीला हाताला धरून मांडवात आणायला बायका लागतील, घरच्या बायका कचरतील. आमच्या जुन्या आशाताई आणि बचत गटाच्या बायका तयार आहेत. आदल्या दिवशी निरोप द्या, आम्ही सकाळी सातला घाटावर असू.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका